यंदाचे नवे हार्ड रॉक अल्बम : कोणता शेवटपर्यंत ऐकवला?

साडेसहा_तारा
गणपती गेले, ढोलताशांनी बधिर झालेले कान आता कुठे ताळ्यावर येतायत आणि पितृपक्ष चालू आहे. म्हाताऱ्या बँडांवर धागा काढायला याहून चांगला मुहूर्त नाही.

२०२४ मध्ये हार्ड रॉकचे नवे अल्बम धडाधड आले. त्यातले बरेचसे ज्यांनी काढलेत त्यांना आपल्या एसटीत अर्धं तिकीट पडेल. डीप पर्पलच्या इयन गिलनला तर तेही नाही, तो पंचाहत्तरीच्या पुढचा, म्हणजे फुकटच. माझी मतं आठवतील तशी लिहितो.

सॅक्सन, 'हेल, फायर अँड डॅमनेशन' (जानेवारी). गिटारवर पॉल क्विनच्या जागी डायमंड हेड बँडचा ब्रायन टॅटलर आलाय. बिफ बायफर्डचा आवाज खणखणीत. तक्रार काही नाही, पण संपल्यावर पुन्हा लावावासाही वाटला नाही.

ब्रूस डिकिन्सन, 'द मँड्रेक प्रोजेक्ट' (मार्च). २००५ नंतरचा त्याचा पहिला एकट्याचा अल्बम, गिटारवर पुन्हा रॉय झी. सोबत कॉमिक्सची मालिकासुद्धा. पहिली तीन-चार गाणी ऐकून वाटलं, आयर्न मेडन या त्याच्या बँडमध्ये याला इतकं मोकळं का सोडत नाहीत? मग मधे अल्बम जरा रेंगाळतो. शेवटचं गाणं दहा मिनिटांच्या आसपास आहे. रात्री, दिवे घालवून ऐकलं तर चढतं, दुपारी ऐकलं तर झोप येते.

जुडास प्रीस्ट, 'इन्व्हिन्सिबल शील्ड' (८ मार्च). सगळ्यांनी डोक्यावर घेतलाय आणि का घेतलाय ते कळतंही. बहात्तराव्या वर्षी गायक हॅलफर्ड ज्या पट्टीत किंचाळतो तिथे माझा आवाज विशीतही पोचला नसता. रिची फॉकनरची गिटार तर बघायलाच नको. पण मला हा अल्बम फार इस्त्री केलेला वाटतो. ड्रमचा प्रत्येक ठोका सारख्याच वजनाचा, प्रत्येक कोपरा घासूनपुसून चकचकीत. चार गाण्यांनंतर कान थकतात.

डीप पर्पल, '=१' (१९ जुलै). माझ्या मते वर्षाचा अल्बम. गिटारवादक स्टीव्ह मोर्सने पत्नीच्या आजारपणामुळे २०२२ मध्ये बँड सोडला, त्याच्या जागी आलेल्या सायमन मॅकब्राइडचा पर्पलबरोबरचा हा पहिलाच. पाच माणसं एका खोलीत बसून एकमेकांकडे बघत वाजवतायत हे यात ऐकू येतं. ड्रमवर इयन पेस कधी किंचित मागे रेलतो, कधी पुढे झेपावतो. हे यंत्राला जमत नाही, आणि यंत्रासारखं वाजवणाऱ्यालाही नाही.

तर प्रश्न असा : यंदाचा कोणता नवा अल्बम तुम्ही पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, पुढे न ढकलता ऐकलात? आणि का?

खडूस_काका
जुडास प्रीस्ट हार्ड रॉक नाही. हेवी मेटल आहे. शीर्षक बदला.

साडेसहा_तारा
काका, शीर्षक बदलणार नाही. सत्तरच्या दशकातला प्रीस्ट ऐका आणि मला रेघ कुठे मारायची ते दाखवा.

खडूस_काका
रेघ १९८० ला मारायची. प्रीस्टचा 'ब्रिटिश स्टील'. झालं.

फोडणीचा_भात
मी फक्त भांडण बघायला आलोय. पॉपकॉर्न कुठे मिळतील?

मिडलँड्सची_मावशी
मार्चमध्ये बर्मिंगहॅमला प्रीस्ट, सॅक्सन आणि युराया हीप एकाच रात्री बघितले. धागाकर्त्याने ज्याला इस्त्री म्हटलंय ते स्टेजवर अजिबात जाणवत नाही, म्हणून लिहितेय.

प्रीस्टने सुरुवातच नव्या अल्बममधल्या 'पॅनिक अटॅक'ने केली. चाळीस-पन्नास वर्षांची गाणी हाताशी असताना नव्या गाण्याने पडदा उघडायला धाडस लागतं. माझ्या पुढच्या रांगेत आजोबा, मुलगा आणि नात, तिघांच्याही अंगात तेच जाकीट, फक्त आजोबांच्या जाकिटावर बिल्ले जास्त. हॅलफर्ड आता धावत नाही, मान खाली घालून स्टेजभर येरझाऱ्या घालतो, आजोबा पेपर शोधत घरभर फिरतात तसा. आणि मधेच मान वर करून असा काही सूर लावतो की पोटात गोळा येतो. हे बँडचं मूळ गाव, त्यामुळे लोकही घरचं कार्य असल्यासारखे आले होते.

अल्बम घरी ऐकला तेव्हा मलाही चकचकीत वाटला होता. पण त्या रात्रीनंतर ऐकते तेव्हा कान आपोआप स्टेजवरचा आवाज त्यात भरतात. 'जायंट्स इन द स्काय' जरूर ऐका, डिओ आणि लेमीसारख्या गेलेल्या रॉक गायकांच्या आठवणीतलं गाणं आहे. मधे अचानक साधी गिटार येते तिथे मी दर वेळी थांबते.

बेसवाला
मावशी, हेवा वाटला.

साडेसहा तारांशी अर्धा सहमत. माझं दुखणं वेगळं आहे, बेस गिटार. इयन हिल हा माणूस अगदी पहिल्या अल्बमपासून प्रीस्टमध्ये आहे, आणि तो नेमकं काय वाजवतोय हे मला आजतागायत नीट ऐकू आलेलं नाही. '=१' मध्ये रॉजर ग्लोव्हर स्वच्छ ऐकू येतो. गिटार सोलोला गेली की खाली पोकळी पडत नाही, कारण ग्लोव्हर आणि कीबोर्डवरच्या डॉन एअरीचा डावा हात तिथे उभे असतात. निर्माता बॉब एझ्रिनबरोबरचा त्यांचा हा पाचवा अल्बम, त्याला आता यांचं घर पाठ झालंय.

आम्हा बेसवाल्यांवरचा अन्याय जुना आहे. १९८८ चा मेटॅलिकाचा '...अँड जस्टिस फॉर ऑल' आठवा. जेसन न्यूस्टेड बिचारा वाजवतोय, आणि कुणाला पत्ता नाही.

फोडणीचा_भात
बँडमध्ये बेसिस्ट कशाला असतो? टेम्पोत सामान चढवायला.

बेसवाला
आणि ड्रमरला शिव्या द्यायला. ती दोन कामं आम्ही चोख करतो.

फेडर_खाली
पोटापाण्यासाठी साउंड करतो, म्हणून 'इस्त्री' या शब्दावर थोडं लांबण लावतो. कंटाळा आला तर पुढे सरका.

साडेसहा तारांचे कान चार गाण्यांत थकतात त्याचं कारण वाजवणं नाही, मास्टरिंग आहे, म्हणजे अल्बम बाहेर पडण्याआधी आवाजावर फिरवलेला शेवटचा हात. आवाज मोठा वाटावा म्हणून लिमिटर लावून सगळ्यात उंच शिखरं कापतात आणि बाकीचं वर उचलतात. ही शिखरं म्हणजे काय? मुख्यतः स्नेअर ड्रमचा पहिला टणत्कार आणि पायाने वाजवायच्या किक ड्रमची पहिली लाथ. ती कापली की ठोका जोरात ऐकू येतो, पण लागत नाही. सगळं सतत मोठं, म्हणजे मोठं काहीच नाही. मेटॅलिकाच्या २००८ च्या 'डेथ मॅग्नेटिक'वर यावरूनच रण माजलं होतं. तीच गाणी गिटार हीरो या व्हिडिओ गेममध्ये कमी दाबलेली होती, तर लोक गेममधून गाणी काढून ऐकायला लागले. अल्बमपेक्षा खेळण्यातला आवाज बरा, ही पाळी.

आता यातला विनोद बघा. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी आवाजाची पातळी आपोआप एकसारखी केली जाते, साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) आसपास. तुम्ही अल्बम दाबून दाबून उणे ७ ला नेलात, तर ते सात डेसिबल खाली खेचणार. म्हणजे मोठेपणा गेला, आणि कापलेली शिखरं काही परत येत नाहीत. तरीही कापतात. सवय!

प्रीस्टच्या या अल्बमचा निर्माता अँडी स्नीप माझ्या दृष्टीने कसबी माणूस आहे, गिटारचा आवाज त्याच्यासारखा फार थोड्यांना जमतो. शिवाय तो स्वतः प्रीस्टबरोबर स्टेजवर वाजवतो, बाहेरून आलेला निर्माता नाही. पण त्याच्या हातची सगळी मंडळी थोडी थोडी सारखी वाजायला लागतात हे खरं आहे. सॅक्सनही त्याच गिरणीचं पीठ.

खडूस_काका
उणे १४ ची मर्यादा आमच्या गल्लीतल्या मंडळाला कोणी सांगेल का?

फेडर_खाली
काका, तिथे डीजेवाल्याला उणे म्हणजे काय हेच माहीत नसतं.

रंगभवनचा_कट्टा
चर्चा छान चालू आहे म्हणून तोंड उघडतो. आम्ही मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनला इंडिपेन्डन्स रॉक हा महोत्सव बघून वाढलेली पिढी. उघड्यावरचं प्रेक्षागृह, पावसाचे दिवस, पायात चिखल आणि स्टेजवर कोणीतरी डीप पर्पलचीच गाणी वाजवणार हे ठरलेलं. शांतता क्षेत्र जाहीर झालं आणि ते संपलं. नवा अल्बम आला की काळ्या घोड्याच्या ऱ्हिदम हाऊस या दुकानात जायचं, काचेच्या खोलीत कानाला हेडफोन लावून दोन गाणी ऐकायची आणि मग खिसा चाचपायचा. तेही २०१६ ला बंद झालं.

तेव्हा अल्बम सलग ऐकायचो, कारण कॅसेट पुढे पळवली की बॅटरी खर्च व्हायची. पेन्सिल घालून फिरवायचं म्हटलं तर लोक हसायचे. आता मुलगा मला विचारतो, बाबा, पहिल्या तीस सेकंदांत रिफ आली नाही तरी तुम्ही ऐकत कसे बसता?

यंदाचे नवे अजून ऐकले नाहीत, कोणीतरी ढकला मला.

पंधरा_मिनिटांची_प्रसिद्धी
सगळं वाचलं. काका लोकांनो, माफ करा, पण हा धागा म्हणजे ज्येष्ठ नागरिक संघाची सभा वाटतेय. या वर्षीचा सलग ऐकलेला माझा अल्बम : द वॉर्निंग, 'कीप मी फेड', जूनअखेर आलेला.

मेक्सिकोतल्या माँतेरेच्या तिघी सख्ख्या बहिणी. दानिएला गिटार आणि गाणं, पाउलिना ड्रम आणि गाणं, आलेहांद्रा बेस. २०१४ ला शाळकरी असताना त्यांनी मेटॅलिकाचं एक गाणं वाजवलेला व्हिडिओ जगभर फिरला होता. ते बघून 'किती गोड' म्हणून सोडून दिलेले लोक आज त्यांचा अल्बम ऐकून गप्प बसतात. गाणी तीन-तीन मिनिटांची, उगाच पसारा नाही. बेसवाला, तुमच्यासाठी खास : बेस ऐकू येतो. बऱ्याच ठिकाणी तर गाणं बेसच ओढून नेतो, कारण गिटार एकच आहे.

मान्य, मास्टरिंग दाबलेलं आहे आणि निर्मिती पॉपच्या अंगाने जाते. पण पुढची वीस वर्षं हे संगीत वाजवणार कोण? गिलन?

खडूस_काका
गिलनचा भरवसा देता येत नाही, वाजवेलही.

द वॉर्निंग दोनदा ऐकला. वाजवतात उत्तम. पण प्रत्येक गाणं ध्रुवपदाकडे इतक्या घाईने पळतं की मधे काही घडायला जागाच उरत नाही. हार्ड रॉकमध्ये मधलं कडवं संपल्यावर जे होतं त्यासाठी मी ऐकतो.

पंधरा_मिनिटांची_प्रसिद्धी
घाई नाही काका, त्याला शिस्त म्हणतात. आणि मधल्या कडव्यानंतर दर वेळी तोच सोलो वाजवायला काय अक्कल लागते?

मिडलँड्सची_मावशी
या मुलीच्या दुसऱ्या वाक्याला माझं अनुमोदन. निम्म्या नव्या अल्बममध्ये सोलो म्हणजे 'आता इथे सोलो यायला हवा' म्हणून आलेला असतो.

तीन_बोटं_सोडून
हार्मोनियम वाजवतो, रॉक अपघाताने ऐकतो. '=१' चा विषय निघालाय आणि सगळे गिटार-बेसवरच अडकलेत. अहो, हॅमंडचं काय?

हॅमंड ऑर्गनचा आवाज लेस्ली नावाच्या पेटाऱ्यातून येतो. आत वरच्या बाजूला एक कर्णा असतो आणि तो मोटरवर खरोखर गरगर फिरतो. खाली जड आवाजासाठी फिरणारा ड्रम. कर्णा तुमच्याकडे तोंड करून येतो तेव्हा सूर किंचित चढतो, पाठ फिरवतो तेव्हा उतरतो. वेग दोनच, संथ आणि जलद. मजा बदलताना आहे. वादक खटका दाबतो आणि कर्णा लगेच वेग घेत नाही, हळूहळू पकडतो, खालचा जड ड्रम त्याहून सावकाश. त्या सेकंद-दोन सेकंदांत सूर थरथरत थरथरत उकळी फुटल्यासारखा होतो. हेडफोन लावून डॉन एअरीची लांब धरलेली कोणतीही स्वरसंगती ऐका, शेवटी हा खटका ऐकू येईल.

एअरीच्या आधीच्या जॉन लॉर्डने तर ऑर्गन सरळ मार्शलच्या गिटार अँप्लिफायरमध्ये घुसवला, तो गुरगुराट पर्पलची ओळख झाला. लॉर्ड २०१२ ला गेला, पण बँडमधून तो त्याआधीच बाहेर पडला होता. एअरी २००२ पासून आहे. म्हणजे एअरीची कारकीर्दही आता दोन दशकांच्या वर, तरी लोक त्याला 'नवा' म्हणतात!

साडेसहा_तारा
वा! हे आधी कोणी सांगितलं नव्हतं. आता पुन्हा ऐकणं आलं.

आणि मॅकब्राइडबद्दल लिहायचं राहिलं होतं. बेलफास्टचा, जन्म १९७९ चा. म्हणजे पर्पलचा १९७२ चा 'मशीन हेड' आला तेव्हा तो जगातही नव्हता. मोर्सचं वाजवणं सुरेख होतं, पण त्याचे ते चढते उतरते चपळ स्वर पर्पलवर कधी कधी परक्या घरचे वाटायचे. मॅकब्राइड ब्लूजमधून येतो, आवाज राकट, सूर वाकवून सोडून देतो. पर्पलच्या पहिल्या गिटारवाल्याची, ब्लॅकमोरची, नक्कल करत नाही, हे फार बरं केलं.

नाडी_बघतो
रिची फॉकनरचा उल्लेख वर आला म्हणून. सप्टेंबर २०२१ मध्ये केंटकीतल्या लुईव्हिलला स्टेजवर असतानाच त्याची महाधमनी फाटली, आणि हा पठ्ठ्या हातातलं गाणं संपवून मगच खाली उतरला. पुढे दहा-एक तास शस्त्रक्रिया. आमच्या धंद्यात अशी केस टेबलापर्यंत पोचली तरी नशीब म्हणतात. छातीत अचानक फाडल्यासारखी कळ आली आणि ती पाठीत गेली, तर कृपा करून गाणं संपवू नका, रुग्णालय गाठा.

प्रीस्टचा जुना गिटारवादक ग्लेन टिप्टन याला पार्किन्सन्स असल्याचं २०१८ मध्येच जाहीर झालं, तरी अल्बममधली गाणी रचण्यात तो आहे. हे माहीत असल्यावर 'इस्त्री'बद्दल तक्रार करायला माझी जीभ रेटत नाही.

फेडर_खाली
डॉक्टर, आदर आहेच. पण लिमिटरला पार्किन्सन्स झालेला नव्हता.

फोडणीचा_भात
हसून हसून पुरेवाट. धागा वाचनखुणेत साठवला.

बेसवाला
अजून दोन नावं टाकून ठेवतो, कोणीच घेतली नाहीत. ब्लॅक कंट्री कम्युनियनचा 'व्ही', जूनमधला. ग्लेन ह्यूज बेस वाजवतो आणि गातो, गिटारवर जो बोनामासा, ड्रमवर लेड झेपलिनच्या जॉन बोनमचा मुलगा जेसन, कीबोर्डवर डेरेक शेरिनियन. ह्यूज एकेकाळी पर्पलचाच. त्याचं गाणं इतकं सोल संगीतातून येतं की हार्ड रॉक आहे हे विसरायला होतं. दुसरा मिस्टर बिगचा 'टेन', जुलैतला. निरोपाच्या दौऱ्यावर असलेल्या बँडने नवा अल्बम का काढावा हे मला उमगलं नाही, पण बेसवर बिली शीहन आहे म्हणून ऐकला. ठीकठाक.

रंगभवनचा_कट्टा
ढकला म्हणालो होतो, तर इतक्या जणांनी ढकललं की चार दिवस दुसरं काही केलं नाही. धाग्याच्या मूळ प्रश्नाचं उत्तर देतो, तो मधेच कुठेतरी हरवला होता.

'इन्व्हिन्सिबल शील्ड' सलग ऐकला, पण दोन बैठकांत. पहिल्या बैठकीत 'क्राउन ऑफ हॉर्न्स'पर्यंत आलो आणि चहा प्यायलो. फेडरसाहेबांचं म्हणणं पटतं, आवाज दहा टक्के कमी केल्यावर अल्बम जास्त आवडला. 'द मँड्रेक प्रोजेक्ट' रात्री दिवे घालवून ऐकला, बायकोने येऊन दिवा लावला. 'कीप मी फेड' मुलाच्या आधी मी संपवला. त्याला आवडला नाही, म्हणतो फार जुनाट आहे. पंधरा मिनिटंवाल्या बाई, बघा आता तुम्हीही सभेच्या सभासद.

'=१' डोंबिवली ते सीएसएमटी उभ्याने ऐकला, एकही गाणं पुढे ढकललं नाही. मला सगळ्यात जास्त गंमत गिलनच्या शब्दांची वाटली. जगाबद्दल कुरकुरतो, पण स्वतःची टिंगल आधी करतो. 'लेझी सॉड'ची जन्मकथा वाचली असेल : आपण पाचशेच्या वर गाणी लिहिली म्हणून स्वारी खूश होती, तेवढ्यात डॉली पार्टनची याच्या कित्येक पट आहेत असं कोणीतरी कानावर घातलं. त्यातून हे गाणं. या वयात याच्यावर गाणं लिहावंसं वाटणं मला आवडलं. 'नाऊ यू आर टॉकिन' मध्ये पेस जे करतो ते ऐकून शेजारच्याच्या पायावर पाय दिला.

फक्त शेवटचं 'ब्लीडिंग ऑब्व्हियस' पचलं नाही. एका गाण्यात चार गाणी कोंबलीत, सांधे दिसतात.

तीन_बोटं_सोडून
काय सांगता! अल्बममधलं सगळ्यात बांधेसूद गाणं तेच आहे. एअरी आणि मॅकब्राइड एकमेकांच्या वाक्यात वाक्य मिसळतात तो भाग पुन्हा ऐका, या वेळी बसून.

रंगभवनचा_कट्टा
बसायला मिळालं तर ना. उद्या बदलापूर फास्ट सोडतो, डोंबिवली स्लो पकडतो, तेवढी वीस मिनिटं जास्त मिळतील. मग कळवतो.